तिथी बघून खाडीत शिरा

दाभोळच्या खाडीत शिडाची बोट न्यायची असेल, तर नकाशाआधी दिनदर्शिका उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास. खाडीत वर जावं तशी ती आणखी लांबते.

मुखाशी वाळूचा दांडा आहे. दुपारचा वायव्येचा वारा आणि बाहेर धावणारी सुकती समोरासमोर आली की तिथे लाटा फुटतात, म्हणून शिरायचं ते सकाळी, चढत्या पाण्यावर. धोपाव्याची फेरी मागे पडली की खारफुटी, खंड्या आणि शांतता. इथेच माणूस सैलावतो.

वाशिष्ठीचा गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो. 22 जुलै 2021च्या पुराने चिपळूण बुडालं, मग तिकडे गाळ उपसला गेला. पण त्याने खालच्या खाडीचा भरवसा देता येत नाही. मागच्या वर्षीचा जीपीएसवरचा माग यंदा दाखवायला ठीक, चालवायला नाही.

आमच्या सोबतची बोट रुतली ती पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, ऐन भरतीला. याहून वाईट मुहूर्त नाही. चढत्या पाण्यात टेकलात तर तासाभरात सुटता. उधाणाच्या माथ्यावर टेकलात तर पुढची प्रत्येक भरती आदल्या दिवशीपेक्षा बुटकी. भांग सरून पुढचं उधाण येईपर्यंत ती बोट तिथेच होती. पहिल्या सुकतीला ती कलली तेव्हा एकाला खाली उतरून ढकलायची हुक्की आली. चिखल मांडीभर, आणि सुकतीला त्याच चिखलावर मगरी ऊन खात पडतात. बोटीतच बसा. झडपा, खिडक्या घट्ट लावा, कारण परतणारं पाणी कललेली बोट उचलण्याआधी आत शिरू शकतं. छोट्या होडीतून नांगर खोल पाण्याकडे टाकून ठेवा, म्हणजे पाणी चढताच दोर ओढता येतो.

मुक्कामाला साखळी सोडताना खोली भरतीची धरा. पात्र अरुंद असेल तर एक नांगर वरच्या अंगाला, एक खालच्या. नाहीतर प्रवाह उलटला की बोट फिरून काठावर जाते.

तांडेलाला मात्र ‘पाणी आहे का?’ असं विचारू नका. त्याच्या होडीला गुडघाभर पुरतं, तो हो म्हणणारच. आपली बोट पाण्याखाली दीड मीटर बसते हे हाताने दाखवा, आणि सुकतीला कुठे कुठे कोरडं पडतं ते विचारा.