सुगीच्या धांदलीत मन ताळ्यावर ठेवू या

येळ्ळूरच्या शिवारात बासमती भात कापून पडले आहे, राजहंसगडावर ढग दाटले आहेत, गडी आलेले नाहीत आणि घरात लेकरू तापाने फणफणले आहे. अशा दिवशी आपण चिडतो आणि चुकतो. म्हणून आधी दोन मिनिटे बांधावर बसावे, पाणी प्यावे. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड कमी होते. मग कामांचा क्रम लावावा : प्रथम लेकराचे औषधपाणी, मग लोंब्या आत करून भाताची गंजी, वर ताडपत्री. बाकीचे उद्या. ऊन पडताच गंजी उघडून भात वाळवावे. साठवणीत ओल १४ टक्क्यांहून जास्त नसावी. पाऊस आपल्या हाती नाही, ताडपत्री आहे. रात्री निजताना आपण नुकसान मोजतो, तसे वाचलेलेही मोजू या.