ताप गेला, तरी महिनाभर डोळ्यांवर लक्ष ठेवा

एका पावसाळ्यात धर्मापुरीत घरोघर चिकुनगुनिया होता. माझाही ताप उतरला, सांधे तेवढे धरलेले राहिले. दोन-तीन आठवड्यांनी पेपर वाचताना ओळीतला मधलाच शब्द दिसेनासा झाला. आजूबाजूची अक्षरं दिसायची, पण नेमकं जिथं बघावं तिथं करडा डाग. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, चिकटतही नव्हता. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढल्याचं सांगून नवी काच बसवून दिली. डाग तसाच.

अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आतला पडदा पाहिला आणि विचारलं, "महिन्याभरात ताप आला होता का?" त्या प्रश्नानं मला धक्काच बसला. तापाचा आणि नजरेचा संबंध मला कुणी सांगितलाच नव्हता.

पडद्याला सूज होती. डेंगी, चिकुनगुनिया, विषमज्वर, गोचीड-पिसवांमुळे येणारे रिकेट्सियाचे ताप, यांतल्या कशानंतरही ती येऊ शकते. ताप उतरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत, चांगल्या धडधाकट माणसालाही. जंतूंशी लढायला उठलेली शरीराची प्रतिकारशक्तीच तेव्हा पडद्याला सुजवत असावी, असं मानलं जातं. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून ठणका लागण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

रक्ताच्या तपासण्या आणि पडद्याचा ओसीटी स्कॅन झाला. रिकेट्सियाची शंका असली तर डॉक्सिसायक्लिन देतात. स्टेरॉइड द्यायचं का, कधी, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. अंगात जंतू असतील किंवा साखर असेल तर तेच औषध उलटतं. म्हणून कळकळीनं सांगतो, सांधेदुखीवर पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. घेतल्या असतील तर पुडी डॉक्टरांना दाखवा. तापाच्या वेळचे रिपोर्टही फेकू नका, त्यावरच्या तारखा उपयोगी पडतात.

बहुतेकांची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत बरीच सुधारते. माझीही सुधारली. मध्यभागी थोडं फिकेपण उरलं आहे.

चिकुनगुनिया आपल्या भागाला नवा नाही. बार्शीत १९७३ साली त्याची मोठी साथ आली होती. नंतर तो कितीतरी वर्षं दिसला नाही आणि २००६ च्या साथीत बीड, लातूरकडे परतला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून हौद, रांजण, टाक्या भरून ठेवाव्याच लागतात, आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास नेमका त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी करा, एरवी झाकून ठेवा.

ताप येऊन गेलेल्या माणसानं महिनाभर रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या रेघा बघाव्यात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो. रेघ वाकडी दिसली, मध्येच तुटली, तर पडदा तपासून घ्यायचा. घरात न वाचणारी आई, आजी असेल तर तिला एकेक डोळा झाकून तांदूळ निवडायला सांगा आणि खडा दिसतो का ते विचारा. उत्तर अडखळलं, तर दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि ताप कधी आला होता हे आपणहून सांगा.