तिरप्याची गाठ सरळाशी

बाळा, तिरपी अक्षरं सुरेख उतरली म्हणजे इटॅलिक झालं असं समजू नकोस. त्याची रोमनशी, म्हणजे सरळ अक्षरांशी, गाठ फाइलमध्ये लिहावी लागते. संगणक वळण पाहून नातं ओळखत नाही. तो नावं आणि खुणा वाचतो.

वर्ड एका नावाखाली चौघांनाच धरतो: साधं, तिरपं, ठळक आणि ठळक-तिरपं. पुढच्या प्रत्येक वजनाला वेगळं नाव द्यायचं. पॉपिन्स घे. नऊ वजनं, प्रत्येकाचं इटॅलिक, एकूण १८ फाइली. त्यातल्या सेमीबोल्ड इटॅलिकचं नेम टेबल उघडून बघ. क्रमांक १ ला 'पॉपिन्स सेमीबोल्ड', २ ला नुसतं 'इटॅलिक'. १६ ला 'पॉपिन्स', १७ ला 'सेमीबोल्ड इटॅलिक'. पहिली जोडी वर्डसाठी, दुसरी इनडिझाइनसारख्यांसाठी. क्रमांक २ ला या चौघांखेरीज दुसरं काही लिहू नकोस.

मग खुणा, म्हणजे बिट, तपास. ओएस/२ टेबलातल्या एफएस-सिलेक्शनमध्ये इटॅलिकचा बिट ०. रेग्युलरचा बिट ६ तिथे बंदच हवा. हेड टेबलातल्या मॅकस्टाइलमध्ये मात्र ० ठळकाचा आणि १ इटॅलिकचा. घाईत इथेच अदलाबदल होते. पोस्ट टेबलातला कोन उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरांना उणे लिहितात: १० अंशांना -१०. वजनाचा आकडा जोडीत एकच, सेमीबोल्डला ६००.

ग्लिफ्स या फॉन्ट बनवायच्या अॅपमध्ये काम करत असशील तर स्टाइल लिंकिंगमध्ये सेमीबोल्ड इटॅलिकची जोडी सेमीबोल्डशीच लाव, रेग्युलरशी नको.

ओळीच्या वरची-खालची मापंही दोन्ही फाइलींत तीच ठेव. नाहीतर परिच्छेदात एक तिरपा शब्द आला की तेवढीच ओळ सरकते.

शेवटी पारख. जुन्या प्रती काढून टाक, नव्या बसव, वर्ड बंद करून उघड, रोमनमध्ये एक शब्द लिही आणि इटॅलिकचं बटण दाब. इंग्रजी छोट्या 'ए'कडे बघ. बऱ्याच सेरिफ फॉन्टांत रोमनचा 'ए' दुमजली असतो, इटॅलिकचा एकमजली. बटण दाबूनही तो दुमजलीच राहून कलला, तर वर्डने तुझं इटॅलिक उचललेलंच नाही. रोमनच ढकलून वाकवलंय. तू जीव ओतून काढलेलं एकही अक्षर मग वाचकापर्यंत पोचत नाही. म्हणून प्रत्येक वजनाची जोडी अशी दाबून बघितल्याशिवाय फाइल कुणाच्या हाती देऊ नकोस.