पहिला हिवाळा आणि न संपणारा खोकला

"एवढा ताप, आणि डॉक्टरांनी नुसतं पॅरासिटामॉल दिलं!" इंग्लंडात नव्याने आलेल्या घरांतून पहिल्या हिवाळ्यात हे ऐकू येतंच. मूल नर्सरीत जाऊ लागलं की ऑक्टोबर ते मार्च नाक वाहतं. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून जीपी (इथले फॅमिली डॉक्टर) देत नाहीत. खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. बॅगेत भारतातून आणलेलं उरलेलं अँटिबायोटिक मुलाला मुळीच देऊ नका. क्रोसिन आणि इथलं कॅल्पॉल दोन्ही पॅरासिटामॉलच, तेव्हा दुहेरी डोस होऊ देऊ नका.

आल्याआल्या जीपीकडे नाव नोंदवा; घरभाड्याचा करार हाती नसला तरी चालतं. मूल आजारी पडल्यावर नोंदणीच्या मागे लागणं जड जातं.

आजीचे उपाय? मोठ्यांनी काढा खुशाल घ्यावा. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बाळगुटीतूनही नाही. बोट्युलिझमचा धोका असतो. मुलांना वाफाराही नको. इथले डॉक्टर तो सांगत नाहीत, कारण उकळत्या पाण्याने मुलं भाजतात.

काळजी कधी करायची, ते मात्र पाठ असू द्या. बाळाचा अंगरखा वर करून दिव्याखाली छाती बघा. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ कण्हतंय, श्वास मध्येच थांबतोय, तर थेट 999 (आपत्कालीन फोन). आपल्या सावळ्या रंगावर निळसर झाक चटकन कळत नाही. ओठ आणि जीभ बघा; ती तिथे दिसली तरी 999च. गेल्या दोन-तीन वेळा दूध निम्म्यावर आलंय, बारा तास नॅपी कोरडी आहे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश ताप आहे, तर जीपी नाहीतर 111 (वैद्यकीय सल्ल्याचा फोन), रात्र असली तरी.

मुलांची फ्लूची लस बहुधा नाकात फवारतात. तिच्यात डुकराचं जिलेटिन असतं. नको असेल तर इंजेक्शन मागा. गरोदर बाईला 28 आठवड्यांपासून आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूवरची लस मिळते (सप्टेंबर 2024 पासून), आणि तिचा फायदा जन्मणाऱ्या बाळाला होतो.

आई-बाबा हिवाळ्यात येणार असतील तर विमा काढाच. जीपी आणि अपघात विभागात तपासणी फुकट, पण न्यूमोनियाने भरती व्हावं लागलं तर पाहुण्यांना एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येतं. विम्याच्या फॉर्मवर दमा, मधुमेह सगळं लिहा. "मला काही होत नाही," असं आई म्हणणारच. तिच्या गोळ्यांची यादी समोर ठेवून फॉर्म भरा.