‘ताओ-ते-चिंग’चे प्राचीन पाठ आणि कन्फ्यूशियस-विरोधाचा प्रश्न

‘ताओ-ते-चिंग’ म्हणजे लाओ-त्सेने कन्फ्यूशियसच्या नीतिविचाराला दिलेले उत्तर होय, असे दीर्घकाळ मानले गेले. या मताचा एक आधार चरित्रात्मक आहे. सुमारे इ.स.पू. १०० मध्ये इतिहासकार स्स-मा च्येन याने लाओ-त्सेला चौ दरबाराचा ग्रंथपाल ठरविले, कन्फ्यूशियसशी त्याची भेट वर्णिली आणि सीमेवरील नाक्याच्या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून त्याने पाच हजार अक्षरांचा द्विभागात्मक ग्रंथ लिहिल्याचे सांगितले. तथापि हाच इतिहासकार लाओ-त्से म्हणून आणखी दोन नावे नोंदवितो. आख्यायिका रूढ झाली. चरित्रकाराचा संशय मात्र मागे पडला.

दुसरा आधार संहितेचा, व तोच अधिक महत्त्वाचा. वांग पी (इ.स. २२६–२४९) याच्या भाष्यासह रूढ झालेल्या एक्याऐंशी प्रकरणांच्या संहितेत एकोणिसावे प्रकरण ‘रेन’ (मानवता) व ‘यी’ (न्यायनिष्ठा) या कन्फ्यूशियसप्रणीत मूल्यांचा त्याग करावयास सांगते. १९७३ मध्ये मा-वांग-त्वी येथील, इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात सापडलेल्या दोन्ही रेशमी हस्तलिखितांतही हा त्याग आहेच. १९९३ मध्ये हूपेइ प्रांतातील क्वो-त्येन येथे, सुमारे इ.स.पू. ३०० मधील थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरील पाठ मिळाला आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. रूढ संहितेचा सुमारे दोन-पंचमांश भाग त्यात आहे, तोही निराळ्या क्रमाने. त्यातील एकोणिसाव्या प्रकरणात ‘रेन’ व ‘यी’ ही अक्षरे नाहीत. तेथे त्याज्य ठरतात ती चतुराई, वाक्पटुत्व, कसब, लाभ आणि कृत्रिमता. कृत्रिमतेच्या जोडीच्या अक्षराचे वाचन वादग्रस्त आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेशी परिचित अभ्यासकास एका शब्दाचे मोल वेगळे सांगावयास नको.

अठराव्या प्रकरणात तर एकाच अव्ययावर सारा अर्थ अवलंबून आहे. महान ताओ लोपल्यावर ही मूल्ये उदयास येतात, असा रूढ पाठाचा आशय. प्राचीन पाठातील ‘आन’ हे अव्यय ‘तेव्हा’ आणि ‘कसे’ अशा दोन्ही अर्थांनी घेता येते. दुसरा अर्थ स्वीकारल्यास ताओवाचून ही मूल्ये उरतीलच कशी, असा प्रश्न तेथे उभा राहतो आणि उपहासाची जागा आधारभूततेचा विचार घेतो.

क्वो-त्येनच्या त्याच थडग्यात कन्फ्यूशियस-परंपरेचेही ग्रंथ होते. त्यामुळे तेथील पाठ हे त्या परंपरेला अनुकूल अशा कोणी केलेले संकलन असावे, ही शंका रास्त आहे. ती मान्य केली तरी पाठ घडविणारे हात अनेक होते, एवढे तरी मान्य करावेच लागते. विरोधाची धार इ.स.पू. तिसऱ्या शतकात वाढली, हे अनुमान मात्र अधिक सयुक्तिक वाटते. ताओ, ‘ते’, ‘रेन’, ‘यी’ व शिष्टाचार अशी उतरती श्रेणी लावणारे अडतिसावे प्रकरण क्वो-त्येनच्या पट्ट्यांत आढळत नाही. मा-वांग-त्वीच्या हस्तलिखितांत ‘ते’चा भाग आधी येत असल्याने तेच प्रकरण ग्रंथारंभी येऊन बसले आहे.