नावातील वर्णन : हळदी-कुंकू बदक

पक्ष्याचे नाव हे पुष्कळदा त्याचे संक्षिप्त वर्णनच असते. अकोल्याजवळील कापशी तलावासारख्या जलाशयांवर आढळणारे हळदी-कुंकू बदक पाहा. त्याची चोच काळी. टोक हळदीसारखे पिवळे आणि मुळाशी, कपाळालगत, कुंकवासारखे दोन लाल ठिपके. अंगावर खवल्यांसारखी नक्षी, पाय तांबडे.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. हळदी-कुंकू हा स्त्रियांचा समारंभ. परंतु हे ‘कुंकू’ नरात ठळक असते, मादीत फिकट असते किंवा नसतेही. म्हणून केवळ नावावर विसंबून मादीची ओळख नाकारू नये. काळ्या चोचीचे पिवळे टोक पाहावे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एक वर्णनात्मक पक्षिनाम घेऊन, त्यातील लक्षण नर-मादी दोहोंत आढळते का, ते निरीक्षणाने लिहा.