दूध आधी की चहा आधी : ऑर्वेलच्या एका निबंधातील आवड आणि नियम

'ए नाइस कप ऑफ टी' हा जॉर्ज ऑर्वेलचा लहानसा निबंध 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या लंडनच्या सायंदैनिकात १२ जानेवारी १९४६ रोजी प्रसिद्ध झाला. उत्तम चहा कसा करावा याचे अकरा नियम त्यात क्रमांकवार दिलेले आहेत. 'ॲनिमल फार्म'च्या लेखकाचे एक हलकेफुलके वृत्तपत्रीय लेखन म्हणून समीक्षेने त्याकडे सामान्यतः सहानुभूतीने, पण ओझरतेच पाहिले आहे. वैयक्तिक आवड हा निबंधाचा आशय होतो तेव्हा ती आवड वाचकावर बंधनकारक असल्याचा आव लेखक कसा आणतो, आणि तो आव आणताना काय बोलायचे टाळतो, हा प्रश्न मात्र या दोन पानांच्या मजकुरात जितका स्वच्छपणे दिसतो तितका मोठ्या ग्रंथांत क्वचितच दिसेल. मराठी लघुनिबंधाच्या अभ्यासकाला तो प्रश्न परका नाही. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या काळापासून 'मी'च्या लहरींना साहित्यात स्थान कशामुळे मिळते, हा वाद आपल्याकडे होतच आलेला आहे.

चहाविषयी भांडणे ही इंग्रजी निबंधाची जुनी खोड आहे. १७५६ मध्ये जोनस हॅनवे याने चहा हे राष्ट्रघातक व्यसन असल्याचा निबंध लिहिला, आणि पुढच्याच वर्षी डॉ. जॉन्सनने त्याचे परीक्षण करताना स्वतःची चहाची सवय मुळीच न लाजता जाहीर केली. चहा प्यावा की पिऊ नये, हा तेथील वाद होता. ऑर्वेलच्या काळापर्यंत तो संपलेला आहे. उरला आहे तो पद्धतीचा. पाककृतींच्या पुस्तकांत चहाची कृती बहुधा सापडत नाही आणि सापडली तरी महत्त्वाच्या मुद्द्यांवर ती मौन पाळते, ही तक्रार करून निबंध सुरू होतो. अकरांपैकी दोन नियमांवर कदाचित एकमत होईल, निदान चार तरी तीव्र वादाचे ठरतील, असे सांगून लेखक मोकळा होतो. म्हणजे नियम मांडण्यापूर्वीच ते नियम नाहीत याची कबुली देऊन झाली आहे. तरीही पुढे प्रत्येक वाक्य आज्ञार्थी वळणाचे येते. निबंधातील विनोद या विसंगतीवर उभा आहे.

ही क्रमांकित रचना त्या वर्षी ऑर्वेलला वारंवार सुचलेली दिसते. ९ फेब्रुवारी १९४६ च्या 'द मून अंडर वॉटर' या लेखात आदर्श मद्यगृहाचे दहा गुण मोजलेले आहेत, आणि एप्रिलमधील 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या प्रसिद्ध निबंधाच्या शेवटी भाषेसाठी सहा नियम येतात. त्यांतील सहावा, काही रानटी लिहिण्यापेक्षा आधीचे पाचही मोडावेत, अशी मुभा देतो. चहाच्या निबंधात अशी सरसकट मुभा नाही. भाषेसारख्या गंभीर विषयात पळवाट ठेवणारा लेखक चहाच्या बाबतीत मात्र अढळ राहतो, हे उलटेच झाले असे वाटेल. परंतु जेथे नियम मोडल्याने कोणाचे काही बिघडत नाही तेथेच हुकूमशहाचा अभिनय निर्धास्तपणे करता येतो. 'ॲनिमल फार्म'मधील भिंतीवरच्या आज्ञा नुकत्याच लिहून झालेल्या लेखकाच्या हातून ही यादी आलेली आहे, हेही विसरू नये.

आता दुधाकडे वळू. नववा नियम दुधावरची साय काढून टाकावी असे सांगतो; दहावा, आधी कपात चहा ओतावा आणि मग दूध, असे बजावतो. दहाव्यावर ब्रिटनमधील प्रत्येक कुटुंबात दोन पक्ष असतात हे मान्य करून ऑर्वेल आपला युक्तिवाद अनुत्तरणीय ठरवतो : चहा आधी ओतला की ढवळत ढवळत दुधाचे प्रमाण नेमके राखता येते, उलट क्रमात दूध जास्त पडण्याचा धोका असतो. युक्तिवाद साधा आहे, पण त्याची पार्श्वभूमी साधी नाही. इंग्लंडमध्ये कपात आधी दूध घालणे हे खालच्या वर्गाचे लक्षण मानले जाई. उच्चवर्गीय व इतर बोलींतला भेद ॲलन रॉसने १९५४ मध्ये मांडला आणि १९५५ मध्ये नॅन्सी मिटफर्डने तो गाजवला. त्यानंतरच्या चर्चेत दुधाचा हा क्रमही वर्गाची खूण म्हणून गाजत राहिला. 'द रोड टू विगन पिअर' (१९३७) मध्ये स्वतःचे वर्गस्थान उच्च-मध्यम वर्गाच्या अगदी खालच्या पायरीवर, मासल्याच्या काटेकोरपणे, नोंदवणारा ऑर्वेल येथे वरच्या वर्गाच्या क्रमाची बाजू घेतो. मात्र कारण देतो ते निव्वळ मोजमापाचे. वर्गाची आवड प्रमाणाच्या भाषेत बोलू लागली की ती आवड राहत नाही, शहाणपण होते. ऑर्वेलने हे जाणूनबुजून केले असे म्हणण्यास आधार नाही. निबंधात 'वर्ग' हा विषयच निघत नाही, एवढेच निश्चित म्हणता येते.

'अनुत्तरणीय' युक्तिवादाला उत्तर मिळालेच. ऑर्वेलच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २००३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने लफबरो विद्यापीठातील अँड्र्यू स्टेपली यांची कृती प्रसिद्ध केली. गरम चहात थेंबाथेंबाने पडणारे दूध अतितप्त होऊन त्यातील प्रथिनांचे स्वरूप बिघडते, म्हणून दूध आधी घालावे, असा निर्वाळा तीत होता. त्यापूर्वी १९८० मध्ये चहाच्या चवपरीक्षेसाठी आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ३१०३) ठरले होते : १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा, मुरण्यास सहा मिनिटे. परंतु हे मानक वेगवेगळ्या चहांची तुलना एकाच परिस्थितीत व्हावी यासाठी आहे. चहा कसा प्यावा हे ते सांगत नाही. प्रथिने बिघडल्याने चव बदलते, हे विधान तपासता येते. बदललेली चव वाईट, हे मात्र तपासणीच्या बाहेर राहते. रसायनशास्त्रज्ञांनी ऑर्वेलला हरवले असे जे बातम्यांतून सूचित झाले, त्यात ही गल्लत आहे.

या सगळ्या वादात एक प्रश्न कोणी विचारतच नाही : दूध घालावे की नाही? पहिल्या नियमात ऑर्वेल चिनी चहाचे गुण मान्य करतो. तो काटकसरीचा असतो आणि दुधाशिवाय पिता येतो. पण त्याने अंगात काही चढत नाही. म्हणून चहा हवा तो भारतीय किंवा सिलोनचा. बिनदुधाचा चहा हा असा पहिल्याच वाक्यांत सद्गुणी ठरून बाजूला होतो. येथे मराठी भाषिक व्यवहाराशी तुलना उद्बोधक आहे. मराठीत दुधाच्या चहाला विशेषण लागत नाही. तो नुसता 'चहा'. दूध नसेल तर तो 'कोरा'. न लिहिलेला कागद कोरा, न धुतलेले वस्त्र कोरे, तसा दूध न पडलेला चहा. म्हणजे काहीतरी व्हायचे राहिलेला. जे गृहीत आहे त्याला नाव नसते, आणि जे गृहीताबाहेर आहे त्यालाच विशेषण चिकटते. फिक्या चहाला आपण 'पांचट' किंवा 'फुळकवणी' म्हणून नावे ठेवतो, त्यातही हेच गृहीत काम करते. उलट 'गवती चहा' या नावात चहाचे झाडच नाही, तरी नाव टिकले आहे. ऑर्वेलच्या नवव्या आणि दहाव्या नियमांची सारी उग्रता या अनुल्लेखित गृहीताच्या आतली आहे.

मराठी स्वयंपाकघरात तर दहावा नियम निरर्थकच होतो. आधण ठेवून त्यात साखर, चहाची पूड, आले किंवा गवती चहाची पात टाकायची, दूध घालून उकळी आणायची आणि गाळायचे, या क्रियेत 'आधी काय' हे भांडण कपापर्यंत पोचत नाही. ही पद्धत चहा विकणाऱ्यांनी शिकवलेली नव्हे. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या निधीतून पुढे भारतातही प्रचार झाला; त्या जाहिरातींत किटली गरम करून चहा मुरवण्याची कृती पायरीपायरीने दिलेली असे. लोकांनी चहा घेतला, पायऱ्या घेतल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतर बारीक दाण्याच्या सीटीसी चहाचे उत्पादन वाढत गेले, तेव्हा थोडक्या पुडीत दाट रंग देणारा, दूध पेलणारा हा चहा त्या उकळीला चांगलाच मानवला. ऑर्वेलचा 'भारतीय चहा' आणि भारतातला चहा या अशा दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ऑर्वेलच्या पसंतीत 'भारतीय' हा शब्द किती निरागस आहे? त्याचा जन्म २५ जून १९०३ चा, बिहारमधील मोतिहारीचा. वडील सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. बिहारची अफू कलकत्त्याच्या लिलावातून चीनकडे जाई आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या चिनी चहाची किंमत मोठ्या अंशी त्या व्यापारातून भागे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम आला १८३९ मध्ये, आणि शतक संपण्यापूर्वी भारत व सिलोनच्या चहाने ब्रिटिश बाजारातून चिनी चहाला मागे सारले. म्हणजे ज्या दोन चहांमधून ऑर्वेल रुचीच्या नावाखाली निवड करतो, त्यांची अदलाबदल साम्राज्याने आधीच केलेली होती. साम्राज्याच्या अपराधाविषयी इतके लिहिणारा हा लेखक येथे गप्प आहे. त्याला दोष देण्यापेक्षा हे प्रकाराचे बंधन मानणे योग्य : आवडीचा निबंध आवडीचा इतिहास सांगू लागला की आवड सैल पडते.

खरी अडचण अकराव्या नियमात आहे. साखर घालू नये. घालणाऱ्याला चहाची नव्हे, साखरेची चव हवी असते. काहीजण म्हणतील की आपण चहा केवळ ऊब आणि तरतरी यांसाठी पितो आणि त्याची चव मारण्यासाठी साखर लागते. त्या वाट चुकलेल्यांना पंधरा दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन पाहण्याचा सल्ला मिळतो. पण अशी माणसे ऑर्वेलने नऊ वर्षांपूर्वी जवळून पाहिली होती. 'विगन पिअर'मध्ये बेकार कुटुंबांच्या पांढऱ्या पावावर आणि गोड चहावर नाके मुरडणाऱ्यांना त्याने उत्तर दिले आहे : त्यात पोषण नसेल, पण कंटाळलेल्या, गांजलेल्या माणसाला काहीतरी चविष्ट हवे असते. त्याच ठिकाणी चहाला तो इंग्रजांच्या अफूची उपमा देतो. ही उपमा अफू खात्यातील अधिकाऱ्याच्या मुलाची आहे. १९३७ मध्ये समजून घेतलेली साखर १९४६ मध्ये रुचिहीनतेची खूण ठरते. हे निव्वळ विनोदाच्या सवलतीत बसवता येईल का, याविषयी मतभेद संभवतो. परंतु निबंधाचा 'मी' हा ग्रंथाच्या 'मी'पेक्षा अधिक सुखवस्तू आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

त्या सुखवस्तूपणालाही मर्यादा आहे, ती शिधापत्रिकेची. ब्रिटनमध्ये चहाचे नियंत्रण जुलै १९४० ते ऑक्टोबर १९५२ पर्यंत होते. चौथ्या नियमात कडक चहाचा पुरस्कार करताना वीस फिक्या कपांपेक्षा एक कडक कप बरा, असे ऑर्वेल म्हणतो. निबंधाच्या अखेरीस हाच वीसचा आकडा पुन्हा येतो, पण आता दोन औंसांच्या वाट्यातून नीट काढले तर निघावेत अशा वीस कडक कपांचा. दोन औंस म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. कपाला तीन ग्रॅमही येत नाहीत. आठव्या नियमातला मोठा, न्याहारीचा कप अर्ध्या पिंटाचा धरला, तर हा चहा आयएसओच्या मानकाहून निम्माच कडक भरतो. त्याआधीच्या ओळींत वापरलेल्या चहापत्तीचे उपयोग ओझरते मोजले आहेत : भविष्य सांगणे, सशांना खाऊ घालणे, भाजल्यावर लावणे, गालिचा झाडणे. गाळात गेलेली पत्तीही हिशेबात धरणाऱ्या घरात हे अकरा नियम लिहिले गेले आहेत.